चाकामागची जागा

शुक्रवार, ८ डिसेंबर १९५०

आज शीलाने गाडी मिठागरात घातली. असं लिहिणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे; गाडीने शीलाला मिठागरात घातलं. कोलशेतचं बाळंतपण आटोपून परत येत होती, समोरून बैलगाडी आली, हिने चाक डावीकडे फिरवलं. चाक फिरलं, गाडी मात्र विचार करत बसली, आणि वळली तेव्हा नको तितकी वळली. बांधावरून थेट खाली चिखलात. मिठागरावरच्या माणसांनी ढकलून वर काढली. शीलाला काही लागलं नाही. घरी येऊन लुगडं बदललं आणि दवाखान्यात जाऊन बसली. मला कचेरीतून आल्यावर शेजारच्या आवडाबाईंकडून कळलं. बायकोचा अपघात शेजारणीकडून कळणारा नवरा नौपाड्यात मी एकटाच असेन.

गाडी माझ्या सासऱ्यांची. चौतीस सालची, विलायती, काळी, वागायला त्यांच्यासारखीच. कन्यादानात नव्हती, पण मुलगी डॉक्टर झाली तेव्हा त्यांनी स्वतःहून दिली. मी रेल्वेच्या कचेरीत बसून पुलांचे नकाशे काढतो, मला गाडीशी काय करायचंय. शीलाला मात्र तिच्याशिवाय चालत नाही. बाळकूम, ढोकाळी, कोलशेत, इथल्या बायका अडल्या तरी पुरुष डॉक्टरला उंबरा ओलांडू देत नाहीत. शीला पोचली तर बाई वाचते, नाही पोचली तर देवाची इच्छा.

एक गोष्ट कुठे बोललो नाही ती इथे लिहितो. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात आमचं मूल गेलं. त्याच आठवड्यात शीला रोज या चाकाशी झटत होती. ते वळवायला हमालाचे दंड लागतात. शीला म्हणाली, चाकाचा काही संबंध नाही, असं होतं, का होतं ते कुणालाच सांगता येत नाही. ती डॉक्टर आहे. मी मान हलवली. पण माझ्या मनातून ते चाक गेलेलं नाही. पुन्हा कधी देवाने दिलंच, तर ते या चाकापायी जाता कामा नये.

तेव्हा आता हे चाक जाणार. तिला कारण सांगायची गरज नाही. मिठागर हे कारण पुरेसं आहे.

रविवार, १० डिसेंबर

सकाळी माजिवड्याला परशुरामकडे गेलो. हा आगऱ्यांचा परशुराम लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी कॅम्पात अमेरिकन लॉऱ्या चालवायचा आणि दुरुस्तही करायचा. आता घराशेजारी झावळ्यांची शेड टाकून तेच काम करतो. त्याची आई ठमाबाई गावची सुईण. एखादी केस हाताबाहेर गेली की तीच शीलाला बोलावणं धाडते. दोघींचं फार जमतं. शीला तिच्यासमोर अशी वागते, जणू परीक्षा ठमाबाईने घेतली आणि पास शीला झाली.

परशुरामने चाक या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवून पाहिलं आणि मग गाडीखाली शिरला. 

"साहेब, याच्यान आता जीव नाय राहिला. खालच्या बॉक्सातले दात पार झिजलेत. चाक फिरतंय, पन बॉक्स ऐकत नाय."

"मग दात नवे बसवा."

"या गाडीचं सामान आता कुटं भेटनार? कल्यानच्या कॅम्पान लष्कराच्या गाड्या मोडतान. तिथला आख्खा बॉक्स आनू. बोटानं फिरंल."

"बोटाने?"

"डाक्टरीनबायच्या बोटानं," तो म्हणाला. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की बाकीचं काही विचारायचं सुचलंच नाही.

रविवार, १७ डिसेंबर

परशुराम आणि मी कल्याणला जाऊन बॉक्स आणला. कॅम्पाच्या कडेला मोडलेल्या गाड्यांचं रान माजलंय. विकणारा फाळणीनंतर सिंधमधून आलेला एक म्हातारा. त्याने बॉक्स पुसून, त्याच्या टोकाला एक चाक लावून माझ्या हातात दिलं. खरंच बोटाने फिरलं. मी लहान पोरासारखा फिरवतच बसलो. म्हातारा हसून परशुरामला हिंदीत म्हणाला, साहेबांना खेळणं आवडलं.

परत येताना आगगाडीत बॉक्स मांडीवर घेतला होता. गोणपाटातून तेल गळून पांढरी विजार कामातून गेली. शीला रागावेल असं वाटलं होतं. तिने विजार पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "इतका आनंद तुम्हाला आपल्या लग्नातसुद्धा झाला नव्हता." हे खोटं आहे. पण त्या दिवशी मी तोंडावर दाखवला नसेल.

बुधवार, २७ डिसेंबर

शीलाची तब्येत नरम दिसते. नाताळच्या सुट्टीत तिला शेडवर नेलं, जुनं चाक काढलेलं दाखवायला. पेट्रोलच्या वासाने ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बारा वर्षं याच वासात बसणारी बाई! सारखं जागरण आणि वेळीअवेळी खाणं, दुसरं काय. मी म्हटलं, जरा विश्रांती घे. तर म्हणाली, "घेते आहे." आणि खरंच दुपारी झोपली. ती दुपारी झोपते हे मला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी स्वतःहून गाडीचा विषय काढला. तिला यंत्रात कधी रस नसतो, म्हणून मला नवल वाटलं.

"चाकाचा दांडा नवीनच करणार आहात ना? मग चाक थोडं पुढे नाही का जाणार? माझ्या अंगापासून लांब?"

"किती लांब?"

तिने हात पोटापुढे धरून दाखवला. मी म्हटलं, एवढी जागा कशाला, तू काय मांडीवर बॅग ठेवून चालवणार? ती म्हणाली, हो, तसंच समजा.

मला वाटतं मिठागराच्या दिवशी चाक छातीवर आदळलं असणार आणि ती बोलत नाहीये. विचारलं तर हसण्यावारी नेलं. बॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा कापून आखूड करायचा, म्हणजे चाक आपोआप पुढे जाईल. करतो. तिने माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही.

रविवार, ७ जानेवारी १९५१

दांड्याचा नकाशा काढला. पुलाचा काढताना घेत नाही इतकी काळजी घेतली. शीलाला खुर्चीत बसवून तिच्या हातात पितळी परात दिली, चाक म्हणून. मी पट्टी घेऊन परातीपासून पोटापर्यंत मोजत होतो तेवढ्यात आवडाबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी पाहिलं, विरजण न घेताच परत गेल्या.

"बास?" मी विचारलं.

"आणखी दोन बोटं."

"तुझे हात पुरणार नाहीत."

"आत्ता पुरतात. पुढे हवी ती जागा." आणि मग उगाचच माझ्या केसांतून हात फिरवला. परात खाली पडली. मला काम करताना मध्येच असं केलेलं आवडत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन माजिवड्याला गेलो. बॉक्स बसला होता, आखूड दांडा जोडला होता, चाक जागेवर होतं. परशुरामने नवं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि मला म्हणाला, बसा. पहिला मान माझा.

गाडी सुरू केली. चाक खरोखर लोण्यासारखं. शेडच्या बाहेर आलो, उजवीकडे रस्ता होता म्हणून उजवीकडे वळवलं. गाडी डावीकडे निघाली. मला वाटलं मीच काही चुकलो, म्हणून आणखी उजवीकडे वळवलं. गाडी आणखी डावीकडे, ठमाबाईच्या वालाच्या वाफ्यात, शेंगांसकट. ब्रेक सापडला तेव्हा पुढचं चाक कोंबड्यांच्या खुराड्याला टेकलं होतं. कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या.

परशुराम धावत आला. "साहेब, उजवीकडं घेवचं होतं."

"मी उजवीकडेच घेतलं."

मग तो बसला. त्यानेही गाडी डावीकडे नेली, आणि उरलेला वालही गेला.

आम्ही दोघं जमिनीवर आडवे पडून खालून बघत राहिलो. सगळं जिथल्या तिथे होतं. माझ्या नकाशाबरहुकूम होतं. ठमाबाई तेवढं म्हणाली, "माझा वाल खाल्लास तो खाल्लास. पन बाय या गाडीन बसली असती तं?"  तिळगूळ खिशातच राहिला.

बुधवार, १७ जानेवारी

आज कोलशेतहून बोलावणं आलं. जनी म्हणून कोळ्याची मुलगी, पहिलटकरीण, अडलेली. गाडी तर उलट्या डोक्याची होऊन शेडमध्ये पडलेली. शीला टांग्याने निघाली. त्या रस्त्याला टांगा म्हणजे हाडं खिळखिळी. मी कचेरी बुडवून बरोबर गेलो.

एरवी शीला टांगेवाल्याच्या मागे लागून लागून त्याला पळवते. आज ती म्हणाली, "तानाजी, सावकाश घे." थोड्या वेळाने पुन्हा, "आणखी सावकाश." एका खड्ड्यापाशी तर उतरून चालत गेली. एक हात बॅगेवर, एक कमरेवर. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, नाही, जपते आहे. मला बरं वाटलं. निदान स्वतःच्या पाठीला जपायला शिकली.

पण त्या सावकाशीने उशीर झाला. जनी वाचली, मूलही वाचलं, पण फार थोडक्यात. परत येताना शीला रडत होती. तिला रडताना मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं, त्यानंतर आजच. "मला यापेक्षा लवकर पोचायला हवं होतं, आणि यापेक्षा लवकर येता येत नव्हतं," असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, गाडी असती तर आली असतीस, चूक माझी आहे. तिने माझा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

मनात वाईट शंका येते आहे ती लिहून टाकतो. शीलाला आता या कामाची भीती वाटायला लागली आहे का? पूर्वीची शीला सावकाश म्हणाली नसती.

रविवार, २८ जानेवारी

सापडलं. श्रेय माझं नाही, उजेडाचं आहे.

शीला माझा नकाशा खिडकीशी धरून बघत होती, चाक नक्की कुठे येणार म्हणून. मी खोलीच्या आतून बघत होतो. ट्रेसिंगचा कागद, उजेड पलीकडून, त्यामुळे मला तो मागच्या बाजूने दिसला. आणि मी पाहतच राहिलो, कारण आमच्या गाडीत बॉक्स असा दिसायला हवा होता.

अमेरिकन गाड्यांत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आमच्या गाडीत उजवीकडे. तो बॉक्स डाव्या अंगासाठी घडवलेला. परशुरामने चार वर्षं तसाच बघितला, म्हणून सवयीने तसाच बसवला. आणि मी बॉक्स आहे तसा समोर ठेवून नकाशा काढला, कारण मला समोरच्या वस्तूचा नकाशा काढायला शिकवलंय. दोघांनी मिळून आरशातली गाडी तयार केली होती.

तसाच उठून माजिवड्याला गेलो. कागद उलटा करून परशुरामपुढे धरला. त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, चार वर्सं लष्करान डावीकडं बसलो, त्याचा हा दंड."

उपाय साधा निघाला. बॉक्स चेसिसच्या आतल्या बाजूला होता तो सोडून, पालथा करून बाहेरच्या बाजूला लावायचा, म्हणजे त्याचा खालचा दांडा पुढच्या चाकांना उलट दिशेने ढकलेल. तेल घालायचं भोक तेवढं खाली जातं. ते बुजवून वर नवं पाडायचं. परशुराम म्हणाला पंधरवडा लागेल. मी म्हटलं लागू दे, मात्र सगळं डोळ्यांत तेल घालून. आणि दोन बोटं जास्तीची जागा विसरायची नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

दुपारी लिहितो आहे, आनंद मावत नाही म्हणून.

गाडी झाली. आधी शेडमागच्या मोकळ्या जागेत मी तासभर फिरवली, मग परशुरामने. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. चाकात ढिलाई नाही, जडपणा नाही. चाक आणि बसणाऱ्यामध्ये ऐसपैस जागा. तिथे शीलाच्या दोन बॅगा मावतील.

आम्ही हात धुऊन आलो तर सीटवर कुणीतरी पूजेचं सामान ठेवलेलं. नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाची पुडी आणि कोरा हिरवा खण. परशुराम म्हणाला, "आयनं गाडीच्या पूजेचं ठेवलं दिसतंय." ठमाबाई बाळंतपणाला गेली होती, विचारायला कुणी नव्हतं. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, माजिवड्यात खणाने ओटी भरत असतील. मला ती पद्धत आवडली. शेवटी गाडीनेही पुनर्जन्म घेतलाय. बॉनेटवर कुंकू लावलं, नारळ पुढच्या चाकाखाली फोडला आणि खण स्टिअरिंगला छान गाठ मारून बांधला.

मग नौपाड्यातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने आलो. गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. एकीने दुसरीला बोलावून दाखवलं. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. आवडाबाईंनी तर मला चक्क हात जोडले. एवढं कौतुक पुलाचा नकाशा मंजूर झाला तेव्हाही झालं नव्हतं. शीला दवाखान्यातून आली की खाली नेऊन दाखवतो.

संध्याकाळी.

दुपारी वर जे लिहिलं ते खोडत नाही. 

शीला आली. गाडी दारातच होती. तिने आधी चाक पाहिलं, मग त्यावर बांधलेला खण, मग मला. आणि पायरीवर बसून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, काय झालं, आवडलं नाही का?

"कुणी बांधला?"

"मी."

"तो माझा आहे."

मला कळेना. तेव्हा तिने मला शेजारी बसवलं आणि एखाद्या पेशंटच्या नवऱ्याला सांगते तसं सावकाश सांगितलं. ती चोरचोळी होती. दिवस राहिले की तिसऱ्या महिन्यात एखादी जाणती बाई कुणालाही न सांगता, न दाखवता देते ती. ठमाबाईने ती गुपचूप सीटवर ठेवली, तिच्यासाठी. आणि मी ती गाडीला नेसवून अख्ख्या नौपाड्यातून मिरवली.

पेट्रोलचा वास. दुपारची झोप. सावकाश घे, तानाजी. परात. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. ठमाबाईला कळलं, आवडाबाईंना कळलं, गॅलरीतल्या बायकांना खणावरून कळलं. मी पट्टी घेऊन तिच्या पोटापासून अंतर मोजत होतो आणि मला कळलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किल्ली लपवून ठेवली असती."

ठेवली असती. आत्ताही माझा हात खिशातल्या किल्लीवरच होता.

मग मी तिला ते सांगितलं, जे दोन वर्षं सांगितलं नव्हतं. ते चाक, तो आठवडा. सांगताना मला रडू आलं, लाज वाटली नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही त्या चाकाकडे ज्या नजरेने बघायचात त्यावरून कळायचं. चाकाचा संबंध नव्हता हो. पण तुमच्या मनातून ते जावं म्हणून बदलू दिलं. मग मलाच जागेची गरज लागली."

"आणि आता?"

"आता आठव्यापर्यंत मी गाडी चालवणार. दादरच्या माझ्या डॉक्टरबाईंनी तपासलंय, सगळं चांगलं आहे. टांग्यापेक्षा गाडी बरी. मी घरात बसले तर कोलशेतला कोण जाईल? आणि घरात बसूनही जायचं ते जातं, हे मी रोज बघते." थोडं थांबून म्हणाली, "मला भीती वाटते. तुमच्याइतकीच वाटते. पण तुम्ही नाही म्हणालात तर मला तुमच्याशी भांडत जावं लागेल, आणि ते मला नको आहे."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खण सोडवून, घडी करून तिच्या हातात दिला. कुंकू लागलंय त्याला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सकाळी कचेरीला निघत होतो. बाळकूमहून माणूस आला, कुणी शेवंती म्हणून अडली आहे. शीलाने बॅग घेतली आणि दारात उभी राहून माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही. नुसती उभी राहिली.

मी बरोबर येतो म्हणणार होतो. मग वाटलं, आज गेलो तर उद्याही जावं लागेल, आणि मग ते बरोबर जाणं राहणार नाही, राखण होईल. खाली गेलो. स्टार्टर सध्या बिघडलाय, हँडल मारावं लागतं. ते मात्र तिला मारू दिलं नाही. इंजिन लागलं. माझ्या खिशातली दुसरी किल्लीही तिच्या हातात दिली.

ती बसली. चाकामागे जागा भरपूर होती. आत्ता तिथे काहीच नाही, तरी मला ती जागा भरलेली दिसली.  

नाक्यावर तिला वळायचं होतं. पूर्वी तिथे ती सीटवरून अर्धी उठून दोन्ही हातांनी चाक ओढायची. आज एका हाताने वळवलं आणि दुसरा खिडकीतून बाहेर काढून मागे न बघता मला हलवून दाखवला.

दोन्ही हातांनी धर, असं ओरडणार होतो. ओरडलो नाही. मीही हात वर केला.